रानची शिकेकाई आणि घरचें न्हाणें

पुण्याहून निघालेला प्रवासी कात्रजचा घाट ओलांडून भोर आणि वेल्हें यांच्या डोंगराळ मुलखांत शिरला, म्हणजे राजगड, तोरणा, रोहिडा, रायरेश्वर अशीं इतिहासांत गाजलेलीं नांवें त्याच्या कानांवर पडूं लागतात. त्या नांवांबरोबर ढाल-तलवारींचा इतिहास आठवावा हें स्वाभाविकच आहे. परंतु याच डोंगरांच्या कुशींतून दुसराहि एक व्यवहार पिढ्यान् पिढ्या चालत आला, आणि बखरकारांना त्याची नोंद करण्याचें कधीं कारण पडलें नाहीं. तो व्यवहार म्हणजे रानांतील शिकेकाई, रिठा, आवळा, हिरडा आणि माका हीं डोंगर उतरून गांवांत, बाजारांत आणि शेवटीं घरोघरच्या न्हाणीघरांत पोंचण्याचा. हल्लीं रुक्ष, फाटे फुटलेले आणि निस्तेज केस 'पूर्ववत्' करून देण्याचें आश्वासन देणाऱ्या बाटल्यांनीं दुकानांच्या फळ्या भरलेल्या असतात, आणि त्यांतील पुष्कळ बाटल्यांवर याच रानच्या फळापानांचीं चित्रें असतात. अशा वेळीं हीं फळेंपानें मूळ कोणत्या कामासाठीं घरांत येत होतीं, हें एकदां नीट पाहिलें पाहिजे. कारण जुन्या घरानें त्यांच्याकडून जी अपेक्षा केली, ती आजच्या जाहिरातीपेक्षां बरीच निराळी आणि बरीच शहाणपणाची होती.

भोरचें संस्थान छत्रपति राजाराम महाराजांच्या काळीं, १६९७ सालीं, शंकराजी नारायण सचिव यांच्याकडे आलें आणि ८ मार्च १९४८ रोजीं तें मुंबई राज्यांत विलीन झालें. या अडीचशें वर्षांत संस्थानचा कारभार ज्या पांच तालुक्यांतून चाले, त्यांपैकीं बहुतेकांचीं नांवें किल्ल्यांवरून पडलेलीं होतीं : विचित्रगड म्हणजे रोहिडा, प्रचंडगड म्हणजे तोरणा, शिवाय राजगड, पवनमावळ आणि सुधागड. वेल्हें तालुक्यास राजगड हें नांव देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळानें २०२४ सालीं घेतला, तेव्हां तें कित्येकांस अगदीं नवें वाटलें. पण संस्थानी दप्तरांत राजगड तालुका पूर्वींपासून होताच. या पांचांपैकीं सुधागड हा घाटाखालचा, कोंकणांतला. म्हणजे एकाच संस्थानाचा एक पाय सह्याद्रीच्या माथ्यावर आणि दुसरा कोंकणांत होता. डोंगरावर शिकेकाईची वेल होई आणि नारळ-खोबरें खालच्या बाजूनें, वरंध्यासारख्या घाटांनीं चढून वर येई. केसांची घरगुती निगा ज्या दोन पदार्थांवर मुख्यतः उभी होती, तें तेल आणि ती शेंग, दोन्हींची गांठ पडण्यास याहून सोयीचा मुलूख शोधूनहि सांपडणें कठीण.

शिकेकाई ही मोठी कांटेरी वेल आहे. ती रानांतील झाडांच्या आधारानें वर चढते आणि तिचे आंकड्यासारखे कांटे अंगांत एकदां रुतले म्हणजे सहजासहजीं सुटत नाहींत. हिंवाळा सरतां सरतां तिच्या शेंगा पिकूं लागतात आणि उन्हाळ्याच्या तोंडीं सुरकुतून तांबूस-काळ्या होतात. हें नांवच द्राविड वळणाचें असून त्यांतील शेवटच्या 'काय' या शब्दाचा तमिळ भाषेंत अर्थ फळ असा आहे. तेव्हां ही वस्तु एकट्या महाराष्ट्राची नव्हे, सबंध दक्षिणेची आहे. रिठ्याचें झाड त्या मानानें गरीब स्वभावाचें. त्याचीं फळें झाडाखालीं वेंचतां येतात. रिठ्याचा फेंस सोनारांना दागिने उजळण्यास आणि घरोघरीं रेशमी व लोंकरी वस्त्रें धुण्यास उपयोगी पडे, आणि त्यावरूनच त्याची शक्ति किती आहे याची कल्पना येते. माका तर भाताच्या खाचरांच्या कडेनें, ओलसर जागीं, कोणीं न लावतां उगवतो. या डोंगरांतील महादेव कोळी, कातकरी आणि धनगर कुटुंबांना हीं झाडें त्यांच्या ऋतूंसह ठाऊक असत. शहरांतील गृहिणीला मात्र काष्ठौषधींच्या दुकानांतील पोत्यापलीकडे त्यांचा ठावठिकाणा क्वचितच माहीत असे. ज्या हातांनीं ती शेंग कांट्यांतून काढली त्या हातांवरचे ओरखडे तिच्या दृष्टीस पडण्याचें कांहींच कारण नव्हतें.

आतां त्या शहरी किंवा गांवच्या घरांतील न्हाणें कसें होतें तें पाहूं. डोक्यावरून न्हाण्याचा वार ठरलेला असे. आदल्या रात्रीं किंवा त्या दिवशीं पहाटे केसांना तेल लागे, तें खोबरेल असो, तिळाचें असो, वा घरीं कढविलेलें माक्याचें असो. तेल नुसतें वरवर फांसावयाचें नसे. बोटांच्या टोकांनीं तें मुळांशीं जिरवावयाचें आणि मग तळहातांनीं केसांच्या टोंकापर्यंत ओढीत न्यावयाचें. शिकेकाईच्या शेंगा रात्रभर भिजत टाकलेल्या असत. सकाळीं त्या पाण्यासह उकळून, हातानें कुसकरून, फडक्यांतून गाळून घेत. त्यांत चार रिठे, थोडी आवळकाठी, कोठें मूठभर मेथ्या, कोठें जास्वंदीचीं पानें पडत. सुवासासाठीं नागरमोथा, गव्हला, कचोरा किंवा संत्र्याची वाळलेली साल घालीत. बंबांतील पाणी घंगाळांत काढून विसणून घ्यावयाचें, दोन-तीन वेळां तें पाणी डोक्यावरून घ्यावयाचें, आणि मग पंच्यानें केस टिपून उन्हाकडे पाठ करून बसावयाचें. ओल्या केसांत फणी घालूं नये, हा घरांतील वडील स्त्रियांचा दंडक होता. केस अर्धेअधिक वाळल्यावर आधीं बोटांनीं गुंता सोडवीत, मग फणी, आणि शेवटीं सैलशी वेणी.

या सगळ्या खटाटोपांत केस 'दुरुस्त' करण्याचा कोठें प्रश्नच नव्हता, ही गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. याचें कारण शास्त्रानें पुढें स्पष्ट केलें. घरांतील अनुभवानें तें न सांगतां ओळखलें होतें. केसाचा जिवंत भाग त्वचेच्या आंत, मुळाशीं असतो. बाहेर दिसणारा केस हा नखासारखाच निर्जीव असतो. त्याच्या पृष्ठभागावर सूक्ष्म खवले एकावर एक बसविलेले असतात; कौलारू छपरावर कौलें जशीं वरच्या ओळीनें खालची ओळ झांकतात, तशीच त्यांची रचना. हीं कौलें जागेवर असलीं म्हणजे केस गुळगुळीत लागतो आणि चमकतो; तीं उचकटलीं, तुटलीं, म्हणजे केस खरखरीत होतो, एकमेकांत अडकतो आणि टोकाशीं फाटतो. निर्जीव वस्तु स्वतःला भरून काढूं शकत नाहीं. हाताला झालेली जखम भरून येते. धोतराला पडलेलें भोंक आपोआप भरत नाहीं. केस हा या बाबतींत धोतराच्या जातीचा आहे.

येथें थोडेंसें अंकगणित उपयोगी पडेल. डोक्यावरील केस महिन्याला सुमारें एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतो. म्हणजे कमरेच्या जवळ पोंचणारा, पाऊण मीटर लांबीचा केस घेतला, तर त्याचें टोक कमींत कमी पांच वर्षांचें असतें. आठवड्यास एकदां न्हाणें धरलें, तरी तें टोक अडीचशेंहून अधिक वेळां धुतलें गेलें, तितक्याच वेळां सुकविलें गेलें, आणि हजारों वेळां विंचरलें गेलें. इतक्या झिजेनंतर तें शाबूत राहिलें तर तें कोणत्याहि एका लेपाचें यश नसतें. प्रत्येक खेपेस थोडें थोडें नुकसान टळलें, त्याची ती बेरीज असते. लांब केस हा अशा रीतीनें पांच वर्षांच्या घरगुती शिस्तीचा हिशेबच असतो म्हणा ना.

हें नुकसान टळे तें कसें? केस पाण्यांत भिजला म्हणजे फुगतो, वाळला म्हणजे आकसतो. हें फुगणें-आकसणें पुनःपुन्हां झालें कीं वरचीं कौलें सैल पडतात. धुण्यापूर्वीं तेल लावलें असतां पाणी आंत शिरण्यास थोडा अडथळा होतो. न्हाण्याच्या आधीं तेल, हा क्रम म्हणूनच महत्त्वाचा. शिकेकाईचें आणि रिठ्याचें काम त्यानंतरचें. या दोहोंत फेंस करणारें जें द्रव्य असतें त्याला सॅपोनिन म्हणतात. तें तेल व मळ पाण्याबरोबर सोडवून नेतें. शिकेकाईचें पाणी किंचित् आंबट गुणाचें असतें, आणि अशा पाण्यांत केसाचे खवले मिटून बसतात. साबण याच्या उलट क्षारधर्मी; त्यानें खवले उघडतात. शिवाय दख्खनच्या काळ्या खडकांतील विहिरींचें पाणी बहुधा जड असतें. त्यांत साबण वापरला म्हणजे चुनखडीसारख्या क्षारांशीं मिळून पांढरट चिकट साका होतो आणि तो केसांवर बसतो. शिकेकाईचा असा साका होत नाहीं. विहिरीच्या पाण्यावर जगणाऱ्या वस्तींत शिकेकाई टिकून राहिली, त्यामागें हेंहि एक कारण आहे. केवळ परंपरेचें प्रेम एवढ्यावर कोणतीहि वस्तु इतकीं शतकें टिकत नसते.

जुन्या ग्रंथांकडे वळलें तर तेथेंहि हाच झोंक दिसतो. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत दिनचर्येचें विवेचन आहे. रोज डोक्यास तेल लावणाऱ्याचे केस गळत नाहींत आणि त्यांचीं मुळें घट्ट राहतात, असा तेथील आशय. वाग्भटानेंहि रोजच्या अभ्यंगांत मस्तक, कान आणि पाय यांची विशेष काळजी घेण्यास सांगितलें आहे. टक्कल आणि अकालीं पिकणारे केस यांवरचे उपचार या ग्रंथांत निराळे दिले आहेत, हें खरें. पण ते रोग म्हणून दिले आहेत. निरोगी माणसाच्या केसांची गोष्ट दिनचर्येंत येते, दांत घासण्याच्या आणि स्नानाच्या शेजारीं. बाराव्या शतकांत कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा यानें रचलेल्या मानसोल्लासांत राजाच्या उपभोगांत अभ्यंग आणि स्नान यांना मानाचें स्थान आहे. घरीं तेल कढविण्याची रीतसुद्धां शार्ङ्गधरसंहितेंत ठरवून दिलेली सांपडते : वाटलेल्या औषधाचा एक भाग, तेलाचे चार आणि रसाचे वा काढ्याचे सोळा. मंद आंचेवर पाणी सर्व आटेपर्यंत कढवावयाचें, आणि तेल तयार झालें कीं नाहीं तें पाहण्यासाठीं त्यांतील कल्काचा कण विस्तवावर टाकावयाचा. तो तडतडला तर पाण्याचा अंश अजून राहिला आहे असें समजावें. माक्याचें तेल करणारी एखादी आजी शार्ङ्गधराचें नांवहि ऐकून नसे, पण तडतडण्याची परीक्षा तिला पक्की ठाऊक असे. पुढें शंकर दाजीशास्त्री पदे यांच्या आर्यभिषक् या मराठी ग्रंथानें अशा वनस्पतींची माहिती सामान्य वाचणाऱ्या घरांत पोंचविली. याच पदेशास्त्र्यांच्या पुढाकारानें १९०७ सालीं नाशिकास वैद्यांचें संमेलन भरलें होतें.

भोर-वेल्ह्याच्या रानांतील हिरड्याची कथा थोडी वेगळी आहे. हिरडा मोठ्या प्रमाणावर गोळा होई तो केसांसाठीं नव्हे, तर कातडें कमावण्यासाठीं. त्यांतील तुरट द्रव्यामुळें त्याला परदेशांतसुद्धां मागणी होती. हेंच तुरट द्रव्य लोखंडाशीं मिळालें म्हणजे काळा रंग होतो. हिरडा आणि हिराकस यांची शाई करून आपल्याकडे कैक पोथ्या लिहिल्या गेल्या. पिकूं लागलेल्या केसांना लावावयाचा आवळ्या-हिरड्याचा लेप रात्रभर लोखंडी कढईंत ठेवतात, त्यामागेंहि हीच क्रिया आहे. कढईनें औषधाची 'शक्ति वाढते' असें घरांतून सांगत; वास्तविक तेथें शाईच तयार होत असते. पोथीवर ती शतकें टिकते, केसांवर कांहीं दिवस.

जुन्या न्हाण्याचें एवढें कौतुक करतांना त्याची दुसरी बाजू लपवून ठेवणें बरें नव्हे. शिकेकाईचें पाणी डोळ्यांत गेलें म्हणजे काय होतें, हें लहानपणीं आजीच्या तडाख्यांत सांपडलेल्या प्रत्येकास माहीत आहे. रिठा प्रमाणाबाहेर पडला तर तो साबणाइतकाच केस कोरडे करतो. पावसाळ्यांत तर या मुलखांत दिवस दिवस ऊन पडत नाहीं. लावणीच्या चिखलांत वांकून काम करणाऱ्या बाईच्या डोक्यावर इरलें असे, म्हणून केस थोडेफार कोरडे राहत. ओला अंबाडा तसाच बांधला तर वास येई, कोंडा होई आणि उवा पडत. मग उग्र वासाचें करंजेल चोळून घ्यावें लागे. शिवाय या सगळ्यास वेळ लागे. पाणी ओढणें, सरपण लावणें, शेंगा उकळणें, घरांतील पांच-सहा लेंकीसुनांना एकामागून एक न्हाऊं घालणें, यांत एका बाईची सकाळ संपून जाई. त्या बाईचे स्वतःचे केस शेवटीं, उरलेल्या कोमट पाण्यांत धुतले जात. दिवाळींतील नरकचतुर्दशी किंवा संक्रांतीच्या आदल्या दिवशींची भोगी, असें सणाचें न्हाणें सर्वांच्या आनंदाचें असे यांत शंका नाहीं. पण त्या पहाटे सर्वांच्या आधीं उठून बंब पेटविणारी कोण असे, हा प्रश्न त्या आनंदाच्या वर्णनांत सहसा कोणी विचारीत नाहीं.

याहून काळें एक पान या इतिहासांत आहे. ज्या वरच्या म्हणविणाऱ्या घरांतून लेंकीसुनांच्या केसांची एवढी जपणूक होई, त्याच घरांत एखादी पोर विधवा झाली तर तिचें डोकें न्हाव्याकडून तासविलें जाई, आणि तें जन्मभर, दर थोड्या दिवसांनीं. तेल, शिकेकाई, फणी, फूल, सगळें तिच्यापुरतें एका दिवसांत बंद होई. कित्येकींचें वय दहा-बारा वर्षांचें असे. गोपाळ गणेश आगरकरांनीं या रूढीवर आपली धारदार लेखणी चालविली. हरि नारायण आपट्यांच्या 'पण लक्षांत कोण घेतो!' या कादंबरीनें यमूच्या केशवपनाचा प्रसंग मराठी वाचकांच्या मनावर कायमचा कोरून ठेवला. विशेष हें कीं ज्यांच्या हातांत वस्तरा होता त्यांनींहि तो खालीं ठेवण्याचें धैर्य दाखविलें. १८९० सालीं मुंबईच्या नाभिकांनीं सभा भरवून विधवांचें वपन करावयाचें नाहीं असा ठराव केला, आणि त्यामागें सत्यशोधक पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांची प्रेरणा होती. त्याच्या आदल्याच वर्षीं पंडिता रमाबाईंनीं मुंबईंत शारदासदन काढलें होतें. तेथें शिकलेल्या गोदूबाई या विधवेशीं धोंडो केशव कर्वे यांनीं १८९३ सालीं विवाह केला. त्या गोदूबाई म्हणजेच पुढें बाया कर्वे. त्यांची धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले यांनीं कित्येक वर्षें वपन सोसल्यानंतर मध्यम वयांत तें सोडून दिलें आणि केस वाढूं दिले. 'माझी कहाणी' हें त्यांचें आत्मचरित्र १९२८ सालीं प्रसिद्ध झालें. केसाचा बाहेरचा भाग मृत असला तरी मूळ जिवंत असतें, असें वर म्हटलें. या बायांच्या बाबतींत तें मूळ वीस-वीस वर्षांच्या वस्तऱ्यालाहि पुरून उरलें. आश्रमांतील मुलीच्या डोक्यावर पुन्हां तेल पडणें याचा अर्थ ज्या काळांत काय होता, तो आजच्या बाटलीवरील 'नवजीवन' या शब्दांत मावणारा नाहीं.

बाटल्यांचा काळ सुरू झाला तोहि साधारण याच सुमारास. १८९० मध्यें कलकत्त्याचे हेमेंद्रमोहन बोस यांनीं कुंतलीन नांवाचें सुवासिक केशतैल बाजारांत आणलें आणि त्याच्या प्रसिद्धीसाठीं कथास्पर्धा सुरू केली. अट एवढीच कीं कथेंत तेलाचा उल्लेख यावा. १८९६ सालचें बक्षीस मिळालें तें प्रख्यात शास्त्रज्ञ जगदीशचंद्र बोस यांना. त्यांच्या कथेंत समुद्रावर घोंघावणारें वादळ तेलाच्या एका बाटलीनें शांत होतें. पदार्थविज्ञानाच्या एवढ्या मोठ्या पंडितानें केसांच्या तेलाला दिलेलें हें प्रमाणपत्र थट्टेचें होतें, हें सांगावयास नकोच; पण पुढील पन्नास वर्षांत कित्येक तेलांच्या जाहिराती अशाच वादळें शमविणाऱ्या भाषेंत, आणि त्याहि गंभीरपणें, छापून येऊं लागल्या. मुंबईचें कामिनिया ऑईल मराठी वाचकांच्या चांगलेंच परिचयाचें होतें. विलायती साबण चरबीचा म्हणून सोंवळ्या घरांतून पुष्कळ दिवस उंबऱ्याबाहेर राहिला; गोदरेज कंपनीनें वनस्पति-तेलाचा साबण काढल्यावर ती अडचणहि दूर झाली. मग न्हाण्याचा वेळ वांचला आणि केस खरखरीत होऊं लागले. खरखरीत केसांवर उपाय म्हणून तेलाची बाटली आली. एकानें बिघडवावें आणि दुसऱ्यानें सुधारण्याचे पैसे घ्यावेत, असा हा क्रम तेव्हांपासून चालू आहे.

'शॅम्पू' या शब्दाचा प्रवास तर याहूनहि गमतीचा. तो मूळ हिंदुस्थानी. 'चांपणें' या अर्थाचा, चंपी या शब्दाच्या नात्यांतला. पाटण्यास १७५९ सालीं जन्मलेले शेख दीन महंमद यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं इंग्लंडांतील ब्रायटन गांवीं वाफेचें स्नानगृह काढून अंग रगडण्याची ही कला तेथील सरदार-दरकदारांना शिकविली, आणि पुढें ते राजे चौथे जॉर्ज यांचेहि या कामीं मानकरी झाले. तेथें शब्दाचा अर्थ अंग चोळण्यावरून डोकें धुण्याकडे सरकला. १९०३ सालीं बर्लिनच्या हान्स श्वार्झकोफ यांनीं केस धुण्याची पूड विकावयास काढली. १९३४ च्या सुमारास अमेरिकेंत साबणाऐवजीं कृत्रिम फेंसद्रव्याचा शॅम्पू आला. जड पाण्यांत साका न होणें हाच त्याचा मोठा गुण. म्हणजे शिकेकाई जें काम पूर्वींपासून करीत होती, तें रसायनशाळेनें त्या सालीं साधलें. १९६० नंतर असे शॅम्पू हिंदुस्थानांतील शहरी घरांत शिरले आणि पुढें पुड्यांतून खेड्यांतहि पोंचले. चंपी मात्र वाटेंत कोठेंतरी गळून पडली. आधीं तेल, मग धुणें, या जोडींतील पहिला भाग हरवला आणि दुसरा रोजचा झाला.

तेलाच्या या पहिल्या भागाची शास्त्रीय परीक्षाहि महाराष्ट्रांतच झाली आहे. आरती रेळे आणि आर. बी. मोहिले या मुंबईच्या संशोधकांनीं २००३ सालीं आपले प्रयोग प्रसिद्ध केले. खोबरेल, सूर्यफुलाचें तेल आणि खनिज तेल हीं केसांना लावून, धुण्या-विंचरण्यानें केसांतील प्रथिन किती झडतें हें त्यांनीं मोजलें. तिहींपैकीं खोबरेलानेंच ही झीज लक्षांत येण्याइतकी कमी केली. त्यांतील मुख्य आम्लाचे कण लहान व सरळ असल्यामुळें तें केसाच्या आंत शिरूं शकतें, असा त्यांनीं उलगडा केला. हे संशोधक खोबरेल विकणाऱ्या कंपनीच्या प्रयोगशाळेंतील होते, हेंहि जातां जातां सांगितलें पाहिजे. पण त्यांच्या निष्कर्षाचा नेमका शब्द पाहावा : झीज 'कमी होते'. भरून निघते असें त्यांनीं म्हटलेलें नाहीं. जास्वंद, मेथी किंवा कोरफड यांचा बुळबुळीत रस केसांवर पातळ थर धरतो, त्यामुळें उचकटलेले खवले कांहीं वेळ दबून राहतात आणि केस मऊ लागतो. दह्याताकानें धुतल्यास त्यांतील आंबटपणानें तसाच गुण येतो. हे उपाय खोटे नाहींत; त्यांची मुदत पुढच्या न्हाण्यापर्यंतची आहे, एवढेंच. फाटलेल्या टोकास कात्री हा एकच उपाय. त्याच्या वरचा भाग जपला तर वर्षाला अर्धी वीत नवा, अखंड केस मिळतो. जो केस एकाएकीं पुंजक्यांनीं गळूं लागतो, त्याचें कारण मात्र बहुधा अंगांत, म्हणजे आजारांत, बाळंतपणांत किंवा अन्नाच्या तुटवड्यांत असतें, आणि त्यासाठीं न्हाणीघरांत वेळ न घालवितां वैद्याकडे किंवा डॉक्टरकडे जावें.

शिकेकाई आजहि प्रामुख्यानें रानांतूनच येते. २००६ च्या वनहक्क कायद्यानें असें गौण वनोपज गोळा करण्याचा आणि विकण्याचा वननिवासी कुटुंबांचा हक्क मान्य केला आहे. शंभर वर्षांपूर्वीं ज्यांना रखवालदाराची नजर चुकवून शेंगा आणाव्या लागल्या असतील, त्यांच्या नातवंडांना निदान कागदावर तरी ती भीति राहिलेली नाहीं. ज्यांना हें जुनें न्हाणें पुन्हां करून पाहावयाचें असेल त्यांनीं तयार पुडीच्या वाटेस न जाणें चांगलें. जाडीभरडी पूड केसांत अडकते, धुतां निघत नाहीं आणि विंचरतांना वाळूसारखी घांसते. म्हणजे ज्यासाठीं एवढा खटाटोप करावयाचा त्याच्याच मुळावर येते. अख्ख्या शेंगा घ्याव्यात, पोरकिडा लागलेल्या वगळाव्यात, रात्रीं भिजवून सकाळीं उकळाव्यात आणि तें पाणी घट्ट विणीच्या फडक्यांतून दोनदां गाळावें. केसांना तेल आदल्या रात्रींच लावून ठेवलेलें असावें.